दिलजमाई

पक्ष जुन्या वळणाचा. घर, नाती आणि वडीलधाऱ्यांचा मान यांवर तासन् तास भाषणं ठोकणारा. त्यात दोन गट पडले तेव्हा एका गटात थोरला भाऊ गेला, दुसऱ्यात धाकटा. नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. थोरल्याची बायको वारली, तेव्हाही धाकटा दाराशी फिरकला नाही.

यंदा उमेदवारी मिळाली ती भलत्यालाच. कालपरवापर्यंत पक्षाचा साधा सदस्यही नसलेल्या एका कारखानदाराला. आधी दोन्ही गटांनी नाकं मुरडली, पण महिन्याभरात दोन्ही गट त्याच्याच तोंडाकडे बघायला लागले.

रविवारी सकाळी थोरला आपली एकट्याची कपबशी विसळत होता. बेल वाजली. दारात धाकटा उभा होता.

"दादा, झालं गेलं विसरून जाऊ या."

ओल्या हातांनीच थोरल्याने भावाला कवटाळलं. धाकट्याचे केस पार पिकले होते. "चहा टाकतो," थोरला म्हणाला, "बस तरी."

"बसत नाही, दादा. अजून पाच घरं करायची आहेत. दोन्ही गटांची दिलजमाई आजच लोकांना दिसली पाहिजे, अशी उमेदवारसाहेबांची ताकीद आहे." धाकटा मागे वळला. "आला का रे फोटो?"

जिन्यातल्या फोटोग्राफरने कॅमेऱ्यात पाहिलं. "दादांचे डोळे मिटलेत. परत घ्यावा लागेल."



थोरल्याने हात पुसले आणि पुन्हा मिठी मारली. या वेळी जरा जास्त वेळ.