आता लावा हात

गाडी चढावरच पडली, दोन दगडांच्या बेचक्यात, आणि पोरगी तिच्याखाली.

इंजिन बंद पडलं होतं, पण सायलेन्सर तापलेलाच होता आणि तो तिच्या उजव्या मांडीवर टेकला होता. डोकं उताराकडे, पाय वर, पाठीखाली खडी. तिनं दोन्ही हातांनी हँडल वर रेटलं. गाडी बोटभर उचलली आणि पुन्हा होती तशी बसली.

दोन हातांच्या अंतरावर शर्यतीचा शिट्टीवाला उभा होता. गळ्यात शिट्टी, हातात पिवळा झेंडा. वळणावरून येणाऱ्याला तो झेंडा दाखवायचा, आणि येणारा खडी उडवत बाजूनं निघून जायचा. देशोदेशीचे स्वार, कुणाला थांबायला उसंत नव्हती. मोटरसायकलींच्या या शर्यतीचा शेवटचा दिवस होता. इतके दिवस डोंगर, जंगल, चिखल तुडवत ती इथवर आली होती. दिवस मावळायच्या आत पोचली की पदक. पण या शर्यतीचा कायदा कडक होता. गाडी पडो, अडो की मोडो, ज्याची त्यानं उभी करायची. बाहेरच्याचा हात गाडीला लागला की स्वार बाद.

"मला हात लावता येत नाही," शिट्टीवाला म्हणाला. "लावला तर तुम्ही बाद. वाईट वाटतं मला."

"उभ्यानं वाटतंय ना," ती दातओठ खात म्हणाली. "वाटू द्या. लावू मात्र नका."

वरच्या बाजूला फीत बांधली होती आणि फितीमागे बघ्यांची दाटी. हात होते शंभर, कामाचा एकही नाही. निम्म्या हातांत फोन होते.

"डावा पाय रेट, पोरी, डावा," एक काका उंचावरून शिकवत होते.

"मावशी, जरा खाली बसा ना," मागून कुणीतरी म्हणालं. "पोरगी दिसत नाहीये."

मावशी खाली बसल्या नाहीत. ती पोरगी त्यांचीच होती.

आई शिलाईवाली. पोरीची ही पँटही तिनंच शिवलेली, वर जाड कापड, आत सुती अस्तर. आधी तिला जाड कापडाचा वास आला. इस्त्री जरा जास्त टेकली की येतो तसा. तिनं फीत मुठीत धरली. पोरीनं पुन्हा गाडी रेटली, पुन्हा गाडी बसली. मग वास बदलला. सूत करपायला लागलं होतं.

अस्तराच्या आत तिनं काही शिवलेलं नव्हतं.

ती फितीखालून वाकून आत शिरली.

"आई, मागे हो," पोरगी ओरडली. "पाया पडते तुझ्या, मागे हो."

"पाया मागून पड. आधी पाय राहू दे."

आईनं मागचं मडगार्ड धरलं, दगडाला टाच लावली आणि गाडी उचलली. पोरीनं पाय ओढून घेतला. त्याच वेळी शिट्टी वाजली. शिट्टीवाल्यानं वायरलेसवर पोरीचा नंबर सांगितला आणि पुढे एकच शब्द बोलला. बाद.

पँटला तळहाताएवढं भोक पडलं होतं. आतली कातडी लालभडक, मध्ये पांढरी. पोरीनं तिकडे पाहिलंही नाही. ती आईकडे पाहत होती.

"काय केलंस गं तू हे."

आई शिट्टीवाल्याकडे वळली.

"दादा, तुम्ही इथं कशासाठी उभे असता?"

"नियम पाळतात की नाही, ते बघायला."

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग ही मांडीही बघा. आणि तुमच्या नियमात घाला, किती भाजलं म्हणजे शेजारच्या माणसानं हात लावायचा. दोन बोटं? चार बोटं? की राख झाल्यावर?"

"आमच्या हातात काय आहे, मावशी. नियम वरून येतात."

"वरून पाऊस येतो, दादा. नियम माणसं करतात."

तो झेंडा गुंडाळत राहिला.

तेवढ्यात फीत खाली आली. पोरगी बाद झाल्याचं वरपर्यंत कळलं होतं, आता कुणालाच मनाई नव्हती. लोक धावत उतरले. काकांनी हँडल धरलं, एका फोनवाल्यानं फोन खिशात घालून सीट धरली, आणखी दोघं चाकाला भिडले. उचला, जपून, तिकडून घ्या, असा गलका सुरू झाला. शिट्टीवाल्यानंही झेंडा काखेत मारला आणि पुढे झाला.

"आता चालतं," तो म्हणाला. "आता लावा हात."

"सोडा," पोरगी म्हणाली.

गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. ती एका पायावर उभी राहिली.

"सोडा म्हणते ना. मघाशी मी खाली होते तेव्हा तुमच्यातलं कुणी मोकळं नव्हतं. आता माझी गाडी मी नेते."

एकेक हात निघाला. काकांचा सगळ्यात शेवटी. "भलाईचे दिवस राहिले नाहीत," असं पुटपुटत ते फितीपलीकडे गेले.

तिनं गाडी उभी केली. चढ अजून निम्मा बाकी होता, आणि वर जायला दुसरी वाट नव्हती. तिनं खांदा लावून ढकललं. चाक एका दगडावर चढलं, दुसऱ्याला अडलं. तिनं भार भाजलेल्या पायावरून दुसऱ्यावर घेतला. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा ढकललं. चाक तिथंच.

आई चार पावलं मागे, पदरात हात गुंडाळून उभी होती.

"लावू का?" तिनं विचारलं.

पोरीनं मान न वळवताच नाक पुसलं.

"आत्ता विचारतेस होय," ती म्हणाली, आणि हँडलवर आईच्या हाताला जागा होईल एवढी बाजूला सरकली.