डबी कोणाच्या आवाजात बोलणार

"मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, घंटी नको," डिझायनर म्हणाली. "आता म्हणताय, हवी."

पंचकाकांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग टेबलावरच्या डबीकडे. "असं म्हणालो होतो? विसरलो असेन."

"असेन काय, विसरलातच," काकू म्हणाल्या. "सकाळी दूध उतू गेलं, तर यांना पत्ताच नाही की गॅस चालू आहे."

टेबलाभोवतीची मंडळी हसली. त्यात कुचेष्टा नव्हती. विसरण्याच्या बाबतीत तिथे सगळे एकाच माळेचे मणी होते.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वस्तू करायची तर ती त्यांनाच विचारून करायची, असा त्या केंद्राचा नियम होता. दर आठवड्याला पाच-सहा जण घरच्या माणसाला सोबत घेऊन यायचे आणि डबीला मनसोक्त नावं ठेवायचे. डबी साधीच होती. फळीवर बसून ती गॅसची, औषधाची, दाराच्या कडीची आठवण करून देणार होती. कोणत्या शब्दांत आणि कोणाच्या आवाजात, ते ज्याचं त्याने ठरवायचं. केंद्रात कोणी डॉक्टरचा कागद मागत नसे. पंचकाकांनी तर स्वतःच येऊन आपलं नाव नोंदवलं होतं.

काका जन्मभर फुटबॉलचे पंच. दिलेला निर्णय फिरवला नाही म्हणून एकदा प्रेक्षकांचा मारही खाल्लेला माणूस. आता मात्र घटकेत एक उत्तर, घटकेत दुसरं. डिझायनरला चैन पडत नव्हती. विसरण्यालाही वळण असतं आणि बाकीच्यांचं तिला कळायला लागलं होतं. काकांचं काही केल्या कळेना. घरचा रस्ता विसरतो म्हणायचे, आणि टॅक्सीवाल्याला मात्र खोदकाम टाळून कुठून वळायचं ते सांगायचे. काकू बिचाऱ्या त्यांच्यामागे धावून मेटाकुटीला आलेल्या. आज पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. "यांना आवरता आवरता माझंच भान राहत नाही," असं म्हणून त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले होते.

केंद्र चालवणाऱ्या सरांनी सकाळीच बजावलं होतं. "त्या माणसाच्या उत्तरांवर डबी केली तर ती कोणाच्याच कामाची राहणार नाही. आज त्यांना नारळ द्या."

नारळ दिला की डबीही गेली. पहिल्या डब्या फक्त गटातल्या माणसांना मिळणार होत्या. काकूंच्या तोंडावर हे सांगायचं कसं, या विचाराने डिझायनरचा चहा निवून गेला.

चहाच्या सुट्टीत पंचकाकांनी तिला जिन्यापाशी गाठलं.

"आम्हाला काढताय का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जन्मभर लोकांना मैदानाबाहेर काढलंय मी. काढणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो. काढू नका, ताई. ही डबी नसेल तर आमच्या घराचं काही खरं नाही. मी दिवसभर पुरा पडत नाही हो. आणि आवाज हिचाच घाला. हिला दुसऱ्या कोणाचं पटत नाही." मग घाईघाईने म्हणाले, "म्हणजे मला. मला पटत नाही."

आपण कोण आणि बायको कोण, इथपर्यंत गोंधळ आला म्हणजे आजार चांगलाच पुढे गेला होता. अशा माणसावर आपण संशय घेतला याची तिला लाज वाटली. सरांशी भांडण झालं तर होऊ दे, असं ठरवून तिने काकूंना ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नेलं.

"कुठे बोलायचं?" काकूंनी विचारलं. तिने दाखवलं. ती काचेपलीकडे जाऊन कानाला हेडफोन लावते तोच काकूंनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा दाखवलं.

काकूंचा आवाज मात्र खणखणीत निघाला. गॅस बंद कर. जेवणानंतरची गोळी घे. बेल वाजली की आधी भोकातून बघ, मग कडी काढ. डिझायनरला हसू आलं. बायकोने असा दम भरल्यावर कोणता नवरा ऐकणार नाही?

"झालं, काकू. की अजून काही सांगायचंय?"

"एक आहे. पण ते डबी कानाशी धरली तरच ऐकू येईल असं करा, आणि दार लावून घ्या. यांच्या कानावर जायला नको."

तिने दार लावलं. काकू माइकच्या अगदी जवळ सरकल्या.

"घाबरू नकोस. घरात दिसतोय तो उंच माणूस परका नाही, तुझा नवरा आहे. आजार तुला झालाय, त्यांना नाही. तू दवाखान्याचं नाव काढू देत नव्हतीस, म्हणून त्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला. तुला हे कळलंय, ते त्यांना कळू देऊ नकोस. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलतायत, तेही धड जमत नाही त्यांना."