बिनऔषधाचं ऑम्लेट

आई गेल्यावर मुलगी बाबांकडे राहायला आली. सकाळी तिने आईसारखीच कच्च्या लसणाची सोललेली पाकळी त्यांच्या हातावर ठेवली. "हृदयाला चांगली असते. चावून खा."

बाबांनी पाकळी गालात सरकवली, उगाच तोंड हलवलं आणि खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

"आईलाही असंच फसवायचात ना?"

"आयुष्यभर!" चोरी पकडली गेली तरी बाबांची ऐट तशीच होती. "कधी आल्याचा रस, कधी मेथीचं पाणी. स्वयंपाकघर कसलं, दवाखाना होता तो. तिच्या हातचं ऑम्लेट तेवढं बिनऔषधाचं. आता तसं कुठलं मिळायला!"

मुलगी खिडकीकडे गेली. कुंडीत लपवलेल्या पाकळ्यांना पात फुटली होती. आईमागे कुणी हात न लावल्यामुळे ती वाढून खिडकीबाहेर कलली होती. मुलीने खिळ्याला टांगलेली आईची कात्री काढली, मूठभर पात कापली आणि फेटलेल्या अंड्यांत घातली.

पहिल्याच घासाला तीच जुनी चव लागली आणि बाबांचा हात थांबला. ते आधी ताटलीकडे, मग कुंडीकडे बघत राहिले.

"म्हणजे तिला माहीत होतं?"

"मला म्हणायची, 'बोलू नकोस. जिंकल्यासारखं वाटू दे त्यांना.'"

बाबांनी ऑम्लेट कण न् कण संपवलं. मग उठून त्यांनी लसणाची आणखी एक पाकळी घेतली आणि पहिल्यांदाच, कुणापासून न लपवता, कुंडीत खोचली.