चौथं टोक

"टेकू देऊ नका! मोटार लॉरीला टेकू देऊ नका!"

जोतीराम ओरडला तशी ढकलणारी माणसं थांबली. मोटार आणि लॉरी यांच्यात हातभर जागा राहिली.

मागच्या सीटवर शालूबाई. कालपासून अडलेली. मूल आडवं आलंय, साताऱ्याला न्या, असं सांगून सुईण बाजूला झाली होती. पुढं तिचा नवरा दादासो. हँडल मारताना उलटं फिरलं होतं, त्याचा उजवा हात सुजला होता. बॅटरी मेलेली. ढकलूनही इंजिन उठलं नव्हतं. आणि बैलगाडीनं सातारा म्हणजे उद्या.

वडूजजवळच्या त्या गावात दुसरं इंजिन एकच. जोतीरामच्या दारातली लॉरी. लष्कराच्या लिलावातली, बिनटायरची, दगडांवर उभी. जागची हलत नव्हती, पण इंजिन चालत होतं. जोतीराम पलटणीत ड्रायव्हर होता. एका बॅटरीतून दुसरीत करंट न्यायच्या जाड तारा त्याच्याकडं होत्या.

फक्त, जोतीरामच्या घरचा विस्तव लालासाहेबांना चालत नव्हता.

लालासाहेब म्हणजे दादासोचे वडील. जोतीरामच्या बापाशी बांधावरून भांडण झालं तेव्हा त्यांनी देवळात भंडारा उचलून शपथ घेतली होती. सगळ्या भावकीदेखत. त्या घरातून माझ्या घरात विस्तव आला तर माझा वंश बुडू दे.

"आबा, ह्यो विस्तव न्हवं. करंट हाय," जोतीराम त्यांना म्हणाला.

"जाळ दिसतो का?"

"तारंत दिसत न्हाई."

"मग लाव."

लाल तार. एक टोक लॉरीच्या बॅटरीला, दुसरं मोटारीच्या.

"ज्ञानू, बिडी टाक! बॅटरीतनं गॅस निघतोय, उडशील."

"पलटनीत बिडीबी वडू देत न्हवते व्हय रं?" ढकलणाऱ्यांतला ज्ञानू हसला. जोतीरामचं तोंड बघून त्यानं बिडी लांब फेकली.

काळी तार. एक टोक लॉरीच्या बॅटरीला.

दुसरं, चौथं टोक, जोतीरामच्या हातातच राहिलं.

"काय झालं?" लालासाहेबांनी विचारलं.

"आबा, हे लावताना ठिणगी उडती. म्हनून बॅटरीपास्नं लांब, चॅसीला, मोटारीच्या सांगाड्याला लावायचं." तो थांबला. "खोटं सांगून लावनार न्हाई."

लालासाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"ठिणगी म्हंजी विस्तवच की रं."

"व्हय."

"मग न्हाई."

मोटारीतून शालूबाईचा आवाज आला. मग आवाज येईना.

"आबा..." दादासो म्हणाला.

"तिच्या पोटातल्या जिवावरच बेतंल, येड्या! शपथ वंशाची हाय!"

त्यांची पकड सुटत नव्हती.

दगडाबाई, लालासाहेबांची बायको, मोटारीत सुनेजवळ होती. सुनेचं डोकं मांडीवरून खाली ठेवून ती उतरली. जोतीरामच्या मुठीतून तिनं ते टोक काढून घेतलं.

"कुठं लावू रं?"

"काकी, हितं खाली. ह्या उघड्या लोखंडाला. आनि तोंड लांब धरा."

निळी ठिणगी. भर दुपारी सगळ्यांनी पाहिली.

"दादा, मार स्टार्टर!"

घरघर. गप्प. पुन्हा घर...

इंजिन धडधडलं.

जोतीरामनं आधी तेच टोक सोडवलं, मग बाकीची. ज्ञानू पळत जाऊन दादासोच्या शेजारी बसला, त्याच्या दुखऱ्या हाताच्या जागी हात द्यायला.

लालासाहेब धुळीतच खाली बसले.

"बुडवलंस घर," ते बायकोला म्हणाले.

दगडाबाई मोटारीत चढली. सुनेचं डोकं परत मांडीवर घेतलं. दार ओढून घेता घेता म्हणाली,

"आवं, लढाई लागल्यापास्नं गावात काडेपेटी कुठं मिळती? रोज पहाटं परड्याच्या भिंतीवरनं जोतीरामच्या आईकडनंच विस्तव आनती मी. तुमी भाकरी खाताय ती त्याच्यावरचीच."