समुद्राकडची खिडकी

उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच समुद्राकाठच्या उबदार देशात जायचं ठरलं आणि सासूबाईंनी अंग काढून घेतलं. “ऊन काय, आपल्या गच्चीतही पडतं. आंधळीला समुद्र काय दिसणार? तुम्ही दोघं जा, मी घर राखते.” जन्मभर शिवणकाम केलेल्या त्यांच्या डोळ्यांनी गेल्या वर्षी साथ सोडली होती. मी सरळ हॉटेलात फोन लावला. “समुद्राकडची खिडकी उघडते ना? मग उघडा, आणि फोन जरा बाहेर धरा.” तिकडची मुलगी हसली, पण तिने धरला. मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. “अगं, कुणीतरी कापड फाडतंय,” त्या पुटपुटल्या. “केवढा हा तागा! संपतच नाही.” नवऱ्याने फोन मागितला, तर त्यांनी त्याचा हात झटकला. “तू माझं तिकीट काढ. आणि त्या पोरीला म्हणावं, हात दुखला तरी अजून थोडं धर.”