आईने न लिहिलेलं

त्याचं तोतरं बोलणं, नापासाचं वर्ष, मोडलेला संसार, सगळं कादंबरीकार आईने त्याच्याआधीच लिहून टाकलं होतं. त्याने काहीही लिहून नेलं की संपादक म्हणायचे, "हे बाईंच्या कादंबरीत येऊन गेलंय हो. स्वतःचं काहीतरी आणा की!"

म्हणून आईने अंथरूण धरलं तेव्हा तो दोन महिने उशाशी बसून वहीत टिपत राहिला. निदान स्वतःचं मरण तरी तिला लिहिता येणार नव्हतं.

ती गेल्यावर तो हस्तलिखित घेऊन गेला. संपादकांनी चार पानं चाळली आणि बाईंची शेवटची कथा पुढे सरकवली, नर्सला सांगून लिहून घेतलेली. पहिलंच वाक्य होतं:

"मी मरायची वाट बघत मुलगा उशाशी बसलाय, आणि त्याला वाटतंय, मला वही दिसत नाही."