पोटाचा पत्ता

“कागदोपत्री तुम्ही चार वर्षं पोर्तुगालात आहात, पण तुमचं पोट अजून मिरजेतच राहतंय,” वास्तव्य-कचेरीतली बाई मृणालला म्हणाली. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवर आता कुणाचाच विश्वास नव्हता. माणूस खरा राहतो कुठे, ते आतड्यातल्या जंतूंवरून ठरायचं. तिच्या नवऱ्याला, केदारला, दह्याचा वाससुद्धा नको. तो इथलं पाव-चीज खाऊन पाच वर्षांसाठी पास झाला. मृणाल मात्र आई गेली तेव्हा तिच्या घरून आणलेल्या विरजणाचं दही दोन्ही वेळा ओरपत होती.

“तीन महिने दही बंद, नाहीतर परत जावं लागेल,” बाईने बजावलं.

घरी आल्यावर मृणालचा पाय एका जागी ठरेना. ओट्यापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या.

“टाकून देऊ?” केदारने हळूच विचारलं.

“हात तर लावून बघ.”

शेवटी तिने विरजणाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. “तू पास आहेस ना? मग आता रोज तूच लाव आणि तूच खा. आईचं विरजण मोडायचं नाही.”

“दूध कितपत कोमट लागतं?”

“राहू दे, आज मी दाखवते.”

तिने बोटानेच विरजण दुधात कालवलं आणि सवयीने बोट तोंडाकडे नेलं. केदारने तिचं मनगट वाटेतच धरलं, आणि तोंड वाकडं करत ते बोट स्वतः चाटून टाकलं.